बोटीच्या टाकीतलं जवसाचं तेल

ही गोष्ट माझ्या बायकोलाही ठाऊक नाही. तिला ठाऊक नाही म्हणजे कोणालाच नाही, कारण माझ्या पोटात बाकी काहीच राहत नाही. आज तुम्हाला सांगतोय – पण आधीच बजावतो, मला समजून घ्यायला येऊ नका. 'तेव्हाची परिस्थिती', 'नोकरीची भीती', 'माणूस आहे, चुकतो' – ही सगळी वाक्यं मला तोंडपाठ आहेत. स्वतःला ऐकवून ऐकवून पाठ झालीत. त्यातलं एकही खरं नाही.

मी सेलूचा. फिटर. ऐंशीच्या दशकात बोर धरणावर एका खात्याची मोटारबोट होती, तिची देखभाल माझ्याकडे होती. खात्याचं नाव सांगत नाही, दोष खात्याचा नव्हताच. बोट जुनी, समुद्राकडून आलेली. तिच्या मागच्या अंगाला, पाण्यालगत, स्टीलच्या दोन पट्ट्या होत्या – एक डावीकडे, एक उजवीकडे. बोटीनं वेग घेतला की तिचं नाक वर उठतं, एका बाजूला माणसं जास्त बसली की ती कलते. तेव्हा बटण दाबून पट्ट्या कमीजास्त खाली करायच्या, म्हणजे बोट सपाट चालते. या पट्ट्या हलवतं ते तेल. एक छोटी टाकी, तिच्यावर पंप, तिथून निघालेल्या नळ्या – बस. तेल खुणेच्या खाली जाऊ द्यायचं नाही. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलं समजायचं आणि सगळं बदलायचं. आणि कंपनीच्या लाल तेलाशिवाय दुसरं काहीही टाकायचं नाही. हे शेवटचं टाकीच्या झाकणावरच लिहिलेलं होतं, इंग्रजीत. मला वाचता येत होतं, हेही सांगून ठेवतो.

बोट चालवायचे दौलतभाऊ. हिंगणीकडचे, ढिवर समाजाचे, पिढीजात पाण्यावरचे. लाकडी डोंग्यातून बोटीवर आले आणि आठवडाभरात ती त्यांच्या हाताला सरावली. माझ्यापेक्षा वयानं बरेच मोठे. काठावरच्या गावांत लोक म्हणायचे, "दौलतभाऊ हाय ना, मंग लेकरू घेऊन बसा. भरला गिलास ठेवा, सांडनार नाई." पाहुणे यायचे, फेरी मारायचे, उतरताना त्यांचा हात हातात घ्यायचे. आणि मी मागे तेलकट फडकं घेऊन उभा. गिलास का सांडत नव्हता? पट्ट्यांमुळे. पट्ट्या कोणामुळे? पण हे कोणाला सांगणार – आणि सांगितलं तरी कोण ऐकणार?

एकदा एका नळीचा जोड झिरपायला लागला. मी तो आवळला, पण तोवर टाकीतलं तेल खुणेच्या बरंच खाली गेलं होतं. लाल तेलाचा डबा संपलेला, नवा नागपूरहून यायचा होता. आणि दुसऱ्या दिवशी मोठे साहेब फेरीला येणार. दौलतभाऊ म्हणाले, "राहू दे ना गजू, पट्ट्याबिगर हळू हळू नेतो मी. काई बिघडत नाई."

काही बिघडत नाही! माझ्या कामाशिवाय काही बिघडत नाही!

घरी आईनं तेलघाणीवरून जवसाचं तेल आणलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते बाटलीत भरून नेलं आणि टाकीत ओतलं. पट्ट्या लोण्यासारख्या हलल्या. साहेब खूश झाले आणि उतरताना त्यांनी दौलतभाऊंची पाठ थोपटली.

आता तुम्ही म्हणाल, पोराला कळलं नसेल. कसं कळलं नसेल? मी शेतकऱ्याच्या घरचा. बैलबंडीच्या लाकडाला दर वर्षी आम्ही जवसाचंच तेल चोपडायचो. का? तर ते वाळतं, त्याचा पापुद्रा धरतो, लाकूड टिकतं. जवसाचं तेल वाळतं हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. मला माहीत होतं, आणि तरीही मी ओतलं.

दौलतभाऊंना वास आला होता. "काऊन रे गजू, बोटीत जवसाचा वास येऊन राह्यला?"

"डब्यात चटणी हाय भाऊ," मी म्हटलं.

ते हसले. "एकटाच खातं का मंग?" खरंच डब्यात चटणी होती. आमच्याकडे जवसाची चटणी कोणाच्या डब्यात नसते? आम्ही काठावर बसून भाकरीबरोबर खाल्ली. त्यांना फार आवडली. ती चटणी मी आजही खातो. सोडली वगैरे नाही. चटणीनं काय केलं?

लाल तेलाचा डबा यथावकाश आला आणि सामानाच्या खोलीत कोपऱ्यात पडून राहिला. मी तेल बदललं नाही. चालतंय ना? माझ्या डोक्यानं चालतंय! उन्हाळ्यात पाणी आटलं, बोट काठावर ओढली. तिथे ती वैशाख-जेठाच्या उन्हात तापत पडली, टाकीत तेच तेल. धरण पुन्हा भरलं तेव्हा बोट पाण्यात उतरवली, बटण दाबून पाहिलं. डावी पट्टी जरा उशिरा हलली. जराच. मी झाकण लावलं.

त्याच आठवड्यात आमच्या खात्यातले एक मोजणीदार बोटीत होते. मीही मागे बसलो होतो. पलीकडच्या काठाजवळ वळण घ्यायच्या आधी दौलतभाऊंनी पट्ट्या वर घ्यायचं बटण दाबलं, नेहमीप्रमाणे. उजवी उठली. डावी खालीच चिकटून राहिली. वळताच बोट उजवीकडे अशी कलली की मोजणीदार आधी कडेवर आपटले आणि मग पाण्यात गेले. दौलतभाऊंनी इंजिन बंद केलं आणि अंगावरच्या कपड्यांनिशी उडी टाकली. त्यांनीच मोजणीदारांना वर काढलं. माणूस वाचला, पण मांडीचं हाड मोडलं. पुढे ते जन्मभर लंगडत चालले.

चौकशीआधी मी टाकी खोलली. आत मधासारखं घट्ट झालेलं, कडांना पापुद्रे. रॉकेलनं सगळं धुतलं, नळ्यासुद्धा, आणि कोपऱ्यातल्या डब्यातलं लाल तेल खुणेपर्यंत भरलं. माझं ते काम फार सफाईदार झालं होतं. हेही सांगतोच – तेवढं चांगलं काम मी आधी केलं असतं तर काही झालंच नसतं.

साहेबांनी विचारलं, "तेल?" मी म्हटलं, "कंपनीचंच. पाहा." लाल होतं. दौलतभाऊ म्हणाले, "साहेब, डावी पट्टी उठलीच नाई." मग सगळ्यांसमोर बटण दाबलं. दोन्ही पट्ट्या उठल्या, बसल्या, पुन्हा उठल्या. दौलतभाऊ त्या पट्टीकडे पाहत राहिले. मग स्वतःच्या हातांकडे. 

मी भ्यालो होतो म्हणून गप्प बसलो? नाही हो. कबूल केलं असतं तर बोलणी खाल्ली असती, फार तर बदली झाली असती. मला बरं वाटत होतं. गिलास सांडला होता ना!

दौलतभाऊंना बोटीवरून काढलं. ते डोंग्यावर परतले, पण आता लोक त्यांच्या डोंग्यात लेकरं घेऊन बसेनात. तोंडावर कोणी काही बोललं नाही, दुसऱ्याचा डोंगा येईस्तोवर थांबायचे, एवढंच. हळूहळू त्यांनी पाणीच सोडलं आणि नदीच्या रेतीत टरबुजाच्या वाड्या लावायला लागले.

पण खरं सांगायचं ते हे नाही. इथवरचं कदाचित मी कधीतरी दारू पिऊन बरळलोही असतो.

बऱ्याच वर्षांनी कळलं की दौलतभाऊ अंथरुणाला खिळलेत. मी भेटायला गेलो. सांगायलाच गेलो होतो – शपथ घेत नाही, माझ्या शपथेला काय किंमत? त्यांनी मला ओळखलं, चटणीची आठवण काढली. मग घरातली माणसं बाहेर गेल्यावर माझा हात धरून म्हणाले, "गजू, तू मांगं बसून पाहून राह्यला होता. खरं सांगजो. मीच जोरानं वळवली का रे? लई वर्सं झाले, मले आता आठवतच नाई. कधी वाटते पट्टी उठली नाई, कधी वाटते माह्याच हातानं दगा देल्ला."

त्यांना दुसरं काही नको होतं. फक्त त्यांचा हात त्यांना परत हवा होता. खोलीत आम्ही दोघंच होतो. साहेब नव्हते, चौकशी नव्हती, मी नोकरीतही नव्हतो. एका शब्दाचं काम होतं.

मी म्हटलं, "हो भाऊ. जराशी जोरात वळली."

त्यांनी मान हलवली. माझा हात सोडला नाही. "असन," म्हणाले, "तू खोटं कायले बोलशीन."