बेचाळीस नावं

"कट बोलल्याबिगर थांबायचं नाय, भाय," असं ती हनुवटी वर करून म्हणायची. रियाधच्या आमच्या हॉस्पिटलात ती नर्स होती, मी स्टोअरकीपर. तिची आजी रत्नागिरीची, तिचा स्वतःचा जन्म मात्र केपटाऊनचा. त्यामुळे बोली मोडकीतोडकी, पण थेट आमच्या कोकणातल्या घरातली.

तिकडच्या टीव्हीवर एका मालिकेत तिने नऊ वर्षं मोलकरणीचं काम केलं होतं. संवाद एकच, "येस मॅडम." सावळ्या बाईला दुसरं काही देतच नसत. एकदा तिने विचारलं, "या मोलकरणीचं नाव काय?" पुढच्या आठवड्यात चहाचा ट्रे दुसरीच्या हातात! मग नर्सिंगचं जुनं सर्टिफिकेट शोधून ती इकडे आली. हे सांगताना ती हसायची. मला मात्र अजून संताप येतो.

एक्क्याण्णव साली आखाती युद्ध पेटलं, रियाधवर क्षेपणास्त्रं पडू लागली आणि गॅसचे मास्क आले. कुणाला द्यायचे ते मोठ्या साहेबांनी सांगितलं, यादी मी टाईप केली. डॉक्टर, नर्सेस, ऑफिसवाले, सगळे नावानिशी. शेवटी एक ओळ : 'सफाई कामगार, बेचाळीस. नंतर.'

यादी वाचून ती माझ्यावरच कडाडली, "यांना नावं नायत, भाय?"

"वरून आलंय," मी म्हणालो. असली उत्तरं मला तेव्हा चटकन सुचत.

दोन दिवसांनी परदेशी टीव्हीवाले आले. हॉस्पिटलची तयारी दाखवायला साहेबांनी हिलाच उभं केलं. अॅक्ट्रेस ना! तिने मास्क चढवला, मग काढला आणि कॅमेऱ्याकडे बघत इंग्रजीत सुरू झाली, "अब्दुल करीम, मास्क नाही. रोझारियो, मास्क नाही. कुंजुमोन, मास्क नाही..."

"खलास! खलास!" बस झालं म्हणून साहेब अरबीत ओरडले. ती थांबली नाही. बेचाळिसावं नाव घेतल्यावर स्वतःच म्हणाली, "कट."

तिसऱ्या दिवशी इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, काढून घेऊन तिला जेद्दाच्या बसमध्ये बसवलं, तिथून मायदेशी विमान. निरोप द्यायला मी गेलो नाही. घाबरलो होतो, दुसरं काही नाही.

बातम्यांत ती दिसली, मास्क चढवताना, क्षणभर. आवाज काढून टाकलेला. तुम्हीच सांगा, चीड येणार नाही? मेल्यांनी पुन्हा तिला मुकीच दाखवली.

सफाईवाल्यांचे मास्क युद्ध संपल्यावर आले. साहेब म्हणाले, प्रत्येकाचं नाव लिहून सही घ्या. पाच वर्षं मी त्यांना रोज साबण-फिनेल देत होतो. बेचाळीसच्या बेचाळीस जणांना मला नाव विचारावं लागलं.