पालथा हात

अक्कांनी माझ्या गुडघ्याला पहिल्यांदा हात लावला, तो पालथा. बोटांची पाठ गुडघ्यावर जरा वेळ टेकवली आणि काढून घेतली. मी खाटेवरच दचकलो. आम्ही वायरमन लोक खांबाला पहिला हात लावतो तो अगदी असाच. मनात म्हटलं, या बाईंना माझ्यात करंट दिसतोय की काय.

अक्का म्हणजे जळगावातल्या एका खाजगी दवाखान्याच्या मागच्या खोलीत फिजिओथेरपी करणाऱ्या बाई. मूळच्या धुळ्याकडच्या, शिकल्या मुंबईला. डॉक्टरांशी शुद्ध बोलायच्या आणि आमच्याशी अहिराणीत. ऐंशीच्या दशकात फिजिओथेरपी हा शब्द आमच्याकडे कुणाच्या जिभेवर बसत नव्हता. लोक त्यांना सरळ मालिशवाल्या बाई म्हणत. आईनेही पहिल्या दिवशी तेच म्हटलं, तर अक्का हसून म्हणाल्या, "मालिश नही माय, मेहनत. आनि ती तुन्हा पोरले करनी शे, माले नही."

मी नशिराबादजवळ केळीच्या बागेतल्या खांबावरून पडलो होतो. वादळात तार तुटलेली, खांब ओला, पायातला दोराचा फास सरकला. उंची फार नव्हती, पण डावा पाय पाटाच्या चिखलात रुतला आणि वरचं अंग फिरलं. गुडघ्यात आत काहीतरी कट्कन वाजलं. तो आवाज मला पुढे कित्येक महिने झोपेत ऐकू यायचा.

आईने मला आधी हाडवैद्याकडे नेलं. आमच्याकडे पाय सुजला की हाडवैद्य, हे ठरलेलंच. त्याने कामट्या लावून पाय असा आवळला की महिन्याभरात सूज उतरली आणि गुडघा लाकूड झाला. मुळात हाड मोडलेलंच नव्हतं. दोन हाडांना बांधून ठेवणारं लिगामेंट अर्धं फाटलं होतं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन नको, पण आता सगळं अक्कांच्या हातात.

मी अजून वीज खात्यातल्या नोकरीत कायम झालो नव्हतो. साहेबांनी निरोप धाडला होता, खांबावर चढून दाखव आणि कामावर ये, नाहीतर दुसरा माणूस बघतो. घरात कमावता मीच. आई रोज देवापुढे माझ्या गुडघ्यासाठी हात जोडायची आणि मी मनातल्या मनात म्हणायचो, देवा, चढायची वेळ येऊ देऊ नको.

अक्कांची सामग्री साधी. घोट्याला बांधायची वाळूची पिशवी, खिडकीच्या गजाला अडकवलेली सायकलची जुनी ट्यूब, पाय वर टाकायला विटांची पायरी. गुडघा वाकवताना डोळ्यांपुढे अंधारी यायची. मी दात खाल्ले की अक्का म्हणायच्या, "बोंबल, पन श्वास रोखू नको." आणि पाय थरथरायला लागला की म्हणायच्या, "आज नही व्हयनं ते सकाय व्हई," सकाय म्हणजे उद्या. पण सुट्टी देतील तर शपथ. एकदा मी बस चुकल्याचं निमित्त केलं, तर अक्का मोपेड काढून नशिराबादला घरी हजर. आईच्या हातचा चहा पीत मला भिंतीला टेकवून उठबशा काढायला लावल्या.

पाय भरत आला. मी चालायला लागलो, जिना चढायला लागलो. मग साहेबांनी चढून दाखवायचा दिवस ठरवला आणि माझा गुडघा पुन्हा दुखायला लागला. अक्कांनी पालथा हात टेकवला. उजव्या गुडघ्यावर टेकवला, परत डाव्यावर.

"गुडघा गार शे," त्या म्हणाल्या. "दुखनं वर शे, डोकामा."

मी मान खाली घातली. म्हटलं, "अक्का, तो आवाज जात नाही. वर गेलो आणि गुडघा सटकला तर आईला कोण?" त्यांनी मला धीर देणारं एक अक्षर काढलं नाही. फक्त विचारलं, "तुमना हापिसमा बिनतारना खांब शे का?"

होता. आवारात, शिकाऊ पोरांना चढायला शिकवण्यासाठी पुरलेला. दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का तिथे आल्या. मी फास पायात घातला, पट्टा कमरेला बांधला, आणि सवयीने खांबाला पालथा हात लावला.

"तार नही, करंट नही, आनि उलटा हात कसाले?"

मी सांगितलं, तळव्याने धरलं आणि करंट असला तर मूठ मिटते, सुटत नाही. बोटांची पाठ लावली तर निदान हात मागे येतो. लाइन बंद केली असं कुणी कितीही सांगितलं तरी तपासायचं, आणि तपासलं तरी हात पालथाच.

अक्कांनी स्वतःचा हात उलटा करून पाहिला. मग खांबाकडे बघत, अहिराणी सोडून म्हणाल्या, "पहिल्या वर्षी माझ्या हाताखाली एक गुडघा गेला. यावलची मुलगी होती, कबड्डी खेळायची. आत सूज होती, गुडघा तापला होता. मी न बघताच दाबला. तेव्हापासून आधी हाताची पाठ. प्रत्येक गुडघ्याला हात लावताना मला भीती वाटते. तुझ्याही." आणि मग नेहमीच्या आवाजात, "भेव वाटस ना? वाटू दे. भेव धरीसन चढ."

मी भीती धरूनच चढलो. प्रत्येक वेळी फास वर सरकवताना डावा गुडघा लटलटायचा आणि मी तो आवाज येण्याची वाट बघायचो. आला नाही. टोकाला पोचून खाली पाहिलं, तर अक्का सिमेंटच्या आडव्या खांबांवर बसलेल्या, पदर तोंडात धरलेला. उतरून पाहतो तो चेहरा पांढराफटक. त्यांच्याच पायातलं बळ गेलं होतं. मी हात देऊन उठवलं. "माले हसना ते देख," त्या दटावत म्हणाल्या. साहेबांपुढे मी चढलो तेव्हाही घाबरलोच होतो, पण चढलो, आणि पुढे कायमही झालो.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी कळलं की अक्कांना अर्धांगवायू झाला आणि भावाने त्यांना धुळ्याला नेलं. मी गेलो. उजवं अंग पार गेलेलं, तोंड वाकडं झालेलं. ज्या हाताने माझा पाय वाकवला तो हात चादरीवर पडला होता. तो उचलून घ्यावा असं फार वाटलं, पण धीर होईना. शेवटी मी माझा पालथा हात त्यांच्या हाताला टेकवला.

अक्कांनी डोळे उघडले. शब्द जुळायला वेळ लागला.

"लाइन... चालू शे का?"

"चालू शे, अक्का," मी म्हणालो आणि हात सरळ करून त्यांचा हात मुठीत धरला. तो गार होता, तरी मी मूठ सोडली नाही.