रस्त्याच्या अलीकडे

माझी लेक ईरा तीन महिन्यांची झाली तेव्हा मी तिला छातीशी पट्ट्याने बांधून पहिल्यांदाच एकटा बाहेर पडलो. बाग चौकाच्या पलीकडेच होती. मी पुण्यात वाढलेला माणूस. हा रस्ता रोज फोनवर बोलत ओलांडायचो. आज मात्र पाऊलच उचलेना. बस, रिक्षा, उलट्या बाजूने घुसणाऱ्या दुचाक्या, सगळं थेट तिच्या झोपलेल्या चेहऱ्यावर चालून येतंय असं वाटत होतं. शहर तेच होतं, पण माझ्या अंगावरची साल कुणीतरी सोलून नेली होती.

शेजारी भाजीची पिशवी घेतलेल्या एक आजी उभ्या होत्या. "चला माझ्याबरोबर," म्हणत त्यांनी माझा दंड धरला. मध्यावर एक टेम्पो कर्कश हॉर्न देत अगदी घासून गेला. मी ईराच्या डोक्यावर तळहात धरला, जणू टेम्पो त्यानेच अडणार होता. ती झोपलेलीच होती.

पलीकडे पोचलो तरी माझा तळहात तिच्या डोक्यावरच होता.

"आजी, ही भीती कधी जाते हो?" मी विचारलं.

"माझ्या मुलाची दाढी आता पिकायला लागलीय," त्या म्हणाल्या. "तो कामावर निघाला की समोरचा रस्ता ओलांडेपर्यंत मी अजून गॅलरीतून हलत नाही."