आणखी कुठे मागितलंय?

संस्थेच्या अनुदान कार्यालयातल्या बाईंना सगळे पाठीमागे 'चाळण' म्हणत, आणि हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. संशोधनासाठी पैसे मागणारा एकही अर्ज त्यांच्या सहीशिवाय पुढे सरकत नसे. त्या अर्जात एक पान असतं: सध्या कुठून मदत मिळते, आणि आणखी कुठे मागितली आहे. भलेभले तिथे गोगलगाय होतात. मिळालेलं सांगतात, मागितलेलं गिळतात. बाई चष्म्यावरून बघत विचारायच्या, "आणखी कुठे?" नवरा "जरा बाजारात जाऊन येतो" म्हणाला तरी हाच प्रश्न.

या वेळी अर्ज सख्ख्या बहिणीच्या मुलाचा होता. अनुदान मिळालं तर त्याची प्रयोगशाळा तगणार, नाहीतर वर्षअखेरीला कुलूप. पानावर एकच ओळ: दुसरी कसलीही मदत नाही. इतकं धुतल्यासारखं पान बघून बाईंच्या मनात पाल चुकचुकली. त्या उठल्या आणि थेट प्रयोगशाळेत गेल्या.

सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून चाळिशीची एक अनोळखी बाई बसली होती. भाच्याला त्यांनी बाहेर बोलावलं.

"ही कोण?"

"पाहुणी संशोधक आहे, मावशी."

"इथे मॅडम म्हण. पगार कोण देतं तिला?"

"तिचं विद्यापीठ. माझ्याकडे दमडी येत नाही, मग लिहायचं काय?"

"दमडी येत नाही, हात तर येतात ना? काम कुणाचं करते?"

"माझंच."

"आणि त्या विद्यापीठाला फुकट हात धाडायचं वेड लागलंय?"

तो खिडकीबाहेर बघायला लागला. बाई हलल्या नाहीत. शेवटी पुटपुटला, "निष्कर्ष आधी त्यांना दाखवायचे, एवढंच ठरलंय."

"एवढंच. लिही."

"लिहिलं तर समिती अर्ज बाजूला टाकेल. आईला काय सांगू?"

"तुझ्या आईचं मी बघते. नंतर उघडं पडलं तर हाच काय, तुझा पुढचा एकही अर्ज कुणी वाचणार नाही. आणि खाली सही माझी असते."

त्याने दातओठ खात लिहिलं. बाईंनी सही ठोकली. समितीने खुलासा मागवला, विद्यापीठाशी ठरलेली ती अट काढायला लावली आणि पाहुणी करत होती तेवढ्या कामाचे पैसे कापून अनुदान दिलं. प्रयोगशाळा चालू राहिली, खुरडत का होईना. बहिणीने मात्र अबोला धरला.

पुढच्या अर्जाला भाचा आपणहून आला. पान गच्च भरलेलं. मित्राने वापरायला दिलेलं जुनं यंत्रसुद्धा लिहिलेलं.

"बघ मावशी, काही म्हणजे काही ठेवलं नाही."

बाईंनी कागद उलटापालटा केला. हा इतका सरळ कधीपासून झाला?

"बस," त्या म्हणाल्या. "आता या सगळ्याच्या आडोशाला काय लपवलंयस, तेवढं सांग."