खुर्चीतला हुंकार

कोशवाल्या काकू घरी बसून इंग्रजी शब्दांचे मराठी अर्थ लिहितात आणि छापखान्याला पाठवतात. अख्ख्या इमारतीत त्यांच्याइतकं इंग्रजी कुणाला येत नाही. त्यांच्या यजमानांना तर ओ की ठो कळायचं नाही. ते शिंपी. पण काकूंची रीत अशी, की अर्थ लिहिला की मोठ्यानं वाचायचा. शिलाई मशीनवरून "हं" आलं, तर पक्का. ते नुसतेच पाय मारत राहिले, तर काकू मुकाट्यानं खोडायच्या.

यजमान गेले, रीत राहिली. काकू त्यांच्या खुर्चीकडे तोंड करून वाचतात, कान देऊन थांबतात, आणि मग कधी लिहितात, कधी खोडतात. आता बोला! कामवाली त्या खुर्चीकडे पाठ करून झाडायलासुद्धा तयार नाही.

लेकीच्या कानावर हे गेलं आणि ती तडक आली. घर विकायचं, आईला आपल्याकडे न्यायचं. संध्याकाळी दलाल येणार होता. काकूंचा मात्र पाय निघेना.

"एवढं 'हॉन्ट' संपवू दे. छळलंय मेल्या क्रियापदानं."

"त्यात काय? भुतानं झपाटणं."

काकूंनी ते खुर्चीला वाचून दाखवलं. शांतता. "पछाडणे." शांतता.

"आई, पुरे गं! काटा येतो अंगावर."

"बाबाच आहेत तुझे, परके नाहीत. ऐक. भूत या शब्दाला फार मागाहून चिकटलं. आधी अर्थ साधाच होता, एखाद्या जागी वारंवार जाणं, वावरणं. आणि त्याच्याही मुळाशी, जाणकार म्हणतात, बहुधा 'घरी आणणे'."

"हं."

लेकीचा आवाज चिरकला. "तू... तू म्हणालीस?"

"मी कशाला? मी वाचत होते."

काकूंनी अर्थ लिहून टाकला, पेनाला टोपण लावलं. चेहरा कसा उजळला होता! "चल, येते तुझ्याकडे. हे इथे एकटे पडतील म्हणून जीव अडकला होता. आता प्रश्नच मिटला."

लेक भिंतीला टेकली. तेवढ्यात बेल वाजली. दलालानं दारातूनच विचारलं, "काकू, घर पूर्ण रिकामं मिळेल ना?"

"अगदी रिकामं," काकू म्हणाल्या. "आम्ही दोघंही निघतोय."

खुर्ची मोकळी असूनही लेक मटकन फरशीवरच बसली.