काचेतलं लगीन

मी ज्या मॉलमध्ये कामाला आहे, तिथे खाली दुकानं आणि वर चाळीस मजले राहायची घरं. आधी तिथे मिठागर होतं. आता पहिल्या मजल्यावरच्या बायकांच्या बाथरूमचं काम माझ्याकडे. आरसे पुसायचे, साबण भरायचा, कोणी आत आलं की भिंतीकडे सरकायचं.

माझी आई धवलारीण. आमच्या आगरी लोकांत भट मंत्र म्हणतो तसे धवलारीण धवले गाते, आणि आमच्या बायका लग्न लागलं असं मानतात ते धवल्यांनी. आई आधी देवांना आवतण द्यायची, मग नवरा-नवरीची नावं गाण्यात ओवायची. नवरीचं नाव तिच्या आईनेच धवलारणीच्या कानात सांगायचं, ही तिची रीत. कानात नाव पडलं की पोर तिच्या हवाली झाली. ते नाव गळ्यातून निघालं की पोर दिली गेली. लग्न नसताना ती एक ओळ म्हणायची नाही. एकदा शहरातून काही लोक तिची गाणी टिपून घ्यायला आले होते. तिने विचारलं, "लगीन कोनाचं हाय? कोनाचंच न्हाय? मंग चा प्या आनि घरा जा."

माझ्या मुलीचं लग्न वैशाखात ठरलं होतं, नागावच्या एका घरातल्या मुलाशी. त्यांची नारळाची वाडी आहे, पाहुण्यांना खोल्या देतात. आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, गुडघे गेलेले. बाहेरची बोलावणी तिने बंद केली होती. "नातीचं लगीन लावते आनि गळा ठेवून देते," असं ती येईल त्याला सांगायची. मुलगीही मैत्रिणींना सांगायची की माझं माझी आजी लावणार. आमच्या घरात त्या वर्षी तेवढी एकच गोष्ट होती.

माघात मॉलमध्ये नवरीच्या साड्यांचं मोठं दुकान उघडायचं होतं. तिथल्या मॅडम बाथरूममध्ये आल्या, आरशात बघत म्हणाल्या, "मावशी, तुमची आई ती लग्नाची गाणी म्हणते ना? ओपनिंगला पाहिजे आपल्याला. एकदम लोकल वाटलं पाहिजे." मला सांगायचं होतं की ती गाणी नाहीत. "येतील ना?" त्यांनी विचारलं. माझी मान हलली. कशी हलली ते मलाही माहीत नाही. त्यांनी हो धरलं. "मग तुम्हाला इथून काढून दुकानात घेऊ," असं म्हणून हात सुकवून त्या गेल्या.

पंधरा दिवस होते. रोज संध्याकाळी घरी जाताना ठरवायचे, आज आईला खरं सांगायचं, उद्या मॅडमना नाही म्हणायचं. शेवटी म्हणाले, "आये, मॉलमधी एक लगीन हाय. मोठ्या घरचं हाय. तुलाच बोलवलंय."

"मॉलमधी? देव येतील का तिथं?"

"येतील."

"लिफ्टनं?" ती म्हणाली आणि स्वतःच हसली. नातीच्या आधी गळा एकदा मोकळा होईल, असं म्हणून तयार झाली.

त्या दिवशी त्यांनी गाडी पाठवली. आई उपाशी होती. लग्न लागेपर्यंत ती अन्न घेत नसे. गाडीत तिने विचारलं, "नवरीची आय कुठं हाय? नाव सांगाया पायजे तिनं."

"त्या कामात हायत. माझ्याकडं दिलंय नाव."

"मंग सांग." तिने कान माझ्या तोंडाजवळ आणला.

याचा मी विचारच केला नव्हता. ड्रायव्हर आरशातून बघत होता. माझ्या तोंडात एकच नाव होतं, माझ्या मुलीचं. तेच मी तिच्या कानात सांगितलं.

"अगो, आपल्या पोरीचंच नाव?"

"हो. तेच हाय तिचं पन."

"गाव?"

"पालीकडचं."

नवऱ्याचं नाव दुकानाच्या दारात उतरताना सांगितलं. समोर वॉचमन उभा होता, त्याचं सांगितलं.

दुकानात काचेच्या आत दोन पुतळे उभे केले होते. नवरीला हिरवं नऊवार, नाकात नथ, मुंडावळ्या. नवऱ्याला फेटा. आईला त्यांचे रंग तेवढे दिसले असतील. तिने खुर्ची नको म्हटलं, पाट मागितला. पाट नव्हता, बुटाच्या खोक्यांवर कापड घालून बसवली. मग तिने डोळे मिटून देवांना बोलवायला सुरुवात केली.

सुरुवातीला सगळे गप्प झाले. तिचा गळा अजून तसाच होता. मग एकेकाने फोन वर केले. तिने नवरीचं नाव घेतलं, नवऱ्याचं घेतलं, तसे काउंटरवरचे पोरगे वॉचमनला टोचायला लागले. "काय रे, लागलं की तुझं! पेढे काढ." वॉचमन लाजून हसत होता. मी खांबामागे उभी होते. माझ्या मुलीचं नाव ती तीनदा घोळवून गायली. जशी वैशाखात गाणार होती तशीच.

मग ती हळदीची वाटी घेऊन उठली. नवरीच्या गालाला हात लावला आणि थांबली. पुन्हा लावला. बोट मुडपून वाजवून पाहिलं. टक् आवाज आला.

"ही गार पडलीय," ती मोठ्याने म्हणाली. "पोर मेलीय का काय?"

सगळं दुकान हसलं. मॅडमनी टाळ्या वाजवल्या. "आजी, सो क्यूट!"

आई वळली. मी कुठे आहे ते तिला दिसत नव्हतं, ती नुसती दिव्यांकडे बघत होती. "कोन हाय गो ही?" तिने मला विचारलं. साड्या दाखवणारी एक मुलगी म्हणाली, "आजी, पुतळा आहे तो. दुकानातला."

"मंग नाव कोनाचं?" आईने विचारलं.

मी खांबाआडून हलले नाही. वॉचमनने तिला हाताला धरून गाडीत बसवलं. पुतळ्याच्या गालावरची हळद निघत नव्हती. मला स्पिरिट आणि कापूस देऊन ती काढायला लावली. दुकानात मात्र घेतलं नाही. "गिऱ्हाइकाशी बोलावं लागतं, मावशी," मॅडम म्हणाल्या.

घरी गेल्यावर मी आईला खरं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. ओरडली नाही. उपास सोडला, हात धुतला, मग म्हणाली, "आयेनं कानात सांगितलं, मी दिली. तुझी पोर गेली त्या नवऱ्याच्या पुतल्याला. तोच गळा दुसऱ्यांदा कसा देईल?"

"आये, ते खोटं होतं."

"खोटं तू बोललीस. मी खरंच गायले."

फोनवरून त्याचा व्हिडिओ गावभर गेला. विहिरीवर बायका वाट अडवून विचारायच्या, नवरा काय काम करतो गो, उभाच असतो ना? नागावहून विहीणबाईंचा फोन आला. "आमचा मुलगा हाडामांसाचा आहे हां, सांगून ठेवा म्हातारीला," म्हणाल्या आणि मागे चार माणसं हसली. मी शेजारच्या गावातल्या धवलारणीकडे जाऊन आले. तिने बसायला चटई दिली, पाणी दिलं. म्हणाली, "मोठ्या धवलारणीनं दिलेली पोर मी कशी घेऊ? पाप माझ्या गल्यावर नको."

मुलगी माझ्याशी दोन महिन्यांत एकच वाक्य बोलली. "आये, तुला 'न्हाय' बोलाया कुनी कवा शिकवलंच न्हाय का?"

वैशाखात लग्न झालं. भटाने लावलं, धवल्यांच्या जागी मोठ्या स्पीकरवर गाणी. आई घरातच होती, आतल्या खोलीत भिंतीला टेकून. निघायच्या वेळी मुलगी आत गेली. बायका मागोमाग गेल्या, मीही गेले. मुलगी खाली बसली, आजीच्या गुडघ्यांवर डोकं ठेवलं आणि म्हणाली, "आजी, लगीन लावू नको. लागलंय ते. नुसती एक ओळ म्हन. वाटं लावायची."

आईचा हात तिच्या डोक्यावर फिरत होता. बाहेर गाडीचा हॉर्न वाजत होता.

"तुझ्या आयेला सांग," आई म्हणाली. "तिला समदं येतं. लहानपनापासून माझ्या मागं बसलीय, एक ओळ चुकनार न्हाय तिची."

मुलीने डोकं उचलून माझ्याकडे पाहिलं. खोलीतल्या सगळ्या बायकांनी पाहिलं. आई खरं तेच बोलत होती. पोर सासरच्या वाटेला लावायचे चौदा कडव्यांचे धवले मला पाठ आहेत. पहिली ओळ जिभेवर होती, जिभेवरच राहिली.

मुलगी थांबली. मोजून सांगता येणार नाही, पण पुष्कळ थांबली. मग उठली, पदर नीट केला आणि माझ्या शेजारून दाराकडे निघून गेली.