पेडगावचं पाणी

आईला समुद्र बघायचा नव्हता, लिंगाला दाखवायचा होता. सेलूहून निघायच्या आदल्या दिवशी तिनं हे सांगितलं आणि अप्पांना हसू आवरेना. आमच्या घरात प्रत्येकाच्या गळ्यात लिंग असतं, चांदीच्या डबीत, दोऱ्याला बांधलेलं. लहानपणी गळ्यात पडतं आणि मेल्यावर आपल्याबरोबर मातीत जातं. रोज सकाळी ते तळहातावर घ्यायचं, पाणी घालायचं, विभूती लावायची आणि मगच आपल्या तोंडात पाण्याचा थेंब. तेव्हा अप्पांचा सवाल तसा रास्त होता.

"देव गळ्यात बांधून देवाला भेटायला कामून जायलीस?"

"भेटायला कोण चाललंय? मी त्याला फिरायला न्यायलेय," आई म्हणाली. "जन्मभर माझ्यासंगं पेडगाव ते सेलू, सेलू ते पेडगाव. त्यानं तरी कुठं बघितलाय समुद्र?"

सरकी-पेंडीच्या दुकानात गिऱ्हाइकाला गप्प करणारा हा माणूस आईपुढं असाच निरुत्तर होतो, आणि मला ते बघायला फार आवडतं.

जायचं होतं रामेश्वरच्या बेटावर आणि तिथून पुढं धनुष्कोडीच्या टोकाला, जिथं जमीनच संपते. गाडी भावाची, चालवणार तोच. सामान सगळं डिकीत गेलं, एक पांढरा कॅन सोडून. त्यात पेडगावच्या, म्हणजे आईच्या माहेरच्या, आडाचं पाणी होतं. जमिनीच्या टोकावर उभं राहून त्या पाण्यानं तिला लिंगाची पूजा करायची होती. वाटेत लॉजच्या नळाचं पाणी तिनं रोजच्या पूजेला बिनतक्रार वापरलं, कॅनचं झाकण मात्र उघडलं नाही. कर्नाटक गेलं, तमिळनाडू आला, अप्पांची ज्वारीच्या भाकरीसाठी कुरकुर सुरू झाली, भाऊ आणि मी गाण्यांवरून भांडलो. आई दोन्ही पायांमध्ये कॅन धरून खिडकीबाहेर बघत होती. तिला कंटाळा कसा तो आलाच नाही.

पांबनच्या पुलावर गाडी चढली आणि दोन्ही बाजूंना पाणीच पाणी झालं. अप्पांनी आणि मी मोबाइल काढले. आईनं पदराआडून डबी काढली, उघडली आणि खिडकीच्या काचेपाशी धरली.

"बग," ती म्हणाली. आम्हाला नव्हे.

दुसऱ्या दिवशी पहाटे उठून टोकाकडं निघालो. आम्ही तिघांनी लॉजवरच पूजा उरकली होती; आईची टोकाला व्हायची होती, म्हणून तिनं पाण्याचा थेंबही तोंडात घेतला नव्हता. रस्ता इतका सरळ, की भावानं स्टिअरिंगवर नुसते हात ठेवले होते. उजवीकडचा समुद्र उसळत होता, डावीकडचा तळ्यासारखा निवांत. मधे वाळू, वादळात मोडलेल्या गावाच्या भिंती, छप्पर उडालेलं चर्च, चार झोपड्या. असलं उघडं, असलं देखणं काही मी आजवर पाहिलं नव्हतं.

टोकाला उतरल्यावर आई आणि मी पूजेची जागा शोधायला पुढं गेलो. वाऱ्याच्या आडोशाला एक दगड सापडला. कॅन आणायला परत आलो, तर अप्पा गाडीच्या दारात पाय बाहेर सोडून बसलेले. पाय स्वच्छ, लख्ख. शेजारी कॅन आडवा पडलेला.

"लय चिकट पाणी हाय बग ह्या समुद्राचं," ते म्हणाले. "धुतल्याबिगर ऱ्हावेना."

मी जे तोंड सोडलं, ते इथं लिहीत नाही. माझा आवाज चढतो तेव्हा भाऊ लांब जाऊन उभा राहतो, तसा तो राहिला. आईनं कॅन उचलून हलवून बघितला आणि झाकण लावलं. रिकाम्या कॅनला झाकण लावताना तिला बघून मला रडू फुटलं.

तिला शुगर आहे. पोट रिकामं राहिलं की हात थरथरतात, आणि ते थरथरायला लागले होते. मी बाटलीचं पाणी पुढं केलं.

"लॉजात चाललं की गं. हितं न्हाई." ती गाडीत बसली. "चला. त्यानं बगितलं ना, झालं."

झालं नव्हतं, हे सगळ्यांना कळत होतं. अप्पा नुसते पायांकडं बघत होते.

गाडी मागं फिरली. चर्चच्या भिंतींजवळ आलो तेव्हा आई एकदम ओरडली, "थांब, थांब! झिरा हाय!"

झोपड्यांपुढं, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, एक कोळीण वाळूतल्या खड्ड्याशी वाकून करवंटीनं घागर भरत होती. माहेरी उन्हाळ्यात कोरड्या नदीच्या वाळूत असाच खड्डा उकरून आईनं पाणी भरलं होतं. आमच्याकडं त्याला झिरा म्हणतात. आई गाडीतून उतरून जवळजवळ पळत गेली आणि त्या बाईशी थेट मराठीत बोलायला लागली. बाई तमिळमध्ये. दोघींचं दहा मिनिटं व्यवस्थित चाललं. बाईनं खड्डा दाखवला, समुद्र दाखवला, मान हलवली. आईनंही हातानं वाळू उकरून दाखवली. मग दोघी हसल्या. बाईनं आमचा कॅन भरून दिला.

आता एक पंचाईत होती. पाणी गोडं आहे का खारं, हे चाखल्याशिवाय कळणार कसं? पूजेआधी आईच्या तोंडात थेंब जायचा नाही. ती काही बोलायच्या आत अप्पा पुढं झाले. ओंजळ धरली, प्यायले, पुन्हा धरली, पुन्हा प्यायले.

"गोड हाय," ते म्हणाले. मग जरा थांबून, "तुज्या पेडगावच्यासारकंच."

"झिऱ्याचं पाणी हाय. माहेरचंच की ते," आई म्हणाली.

आम्ही परत टोकाला गेलो. आईनं डाव्या तळहातावर लिंग घेतलं. हात थरथरत होता, म्हणून अप्पांनी खालून आपला हात लावला आणि दुसऱ्या हातानं पाण्याची धार धरली. विभूती अर्धी वाऱ्यानं नेली. आईनं हात समुद्राकडं केला, लिंगाला सगळीकडं फिरवून दाखवलं आणि मग तीर्थ घेतलं. इतकी सुंदर दिसत होती ती, की मला तिचा हेवा वाटला. मग तिथंच बसून तिनं दशम्या खाल्ल्या.

परतीच्या सबंध वाटेवर झिऱ्याच्या उरलेल्या पाण्याचा कॅन अप्पांच्या मांडीवर होता. भाऊ म्हणाला, डिकीत ठेवू. अप्पा म्हणाले, तू गाडी चालव.

सेलूला पोचल्यावर आईनं ते पाणी आमच्या तुळशीला घातलं आणि कॅन पालथा घालून ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारी अप्पा दुकानात नव्हते. सासुरवाडीला लग्नाकार्याशिवाय पाऊल न टाकणारा हा माणूस एसटीनं पेडगावला जाऊन आला होता. संध्याकाळी त्यांनी भरलेला कॅन आईच्या पुढ्यात ठेवला.

"हे कशाला आता?" आईनं विचारलं.

"हे तिकडं टोकाला न्यायचं ऱ्हायलंय," अप्पा म्हणाले, आणि झाकण घट्ट बसलंय का ते पुन्हा एकदा बघितलं.